हॅरी पॉटर संपलं, आता पुढं कुठली लांब सिरीज वाचू? इंग्लिश बेताचं आहे

तू लिहिलंयस की बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, खानापूरहून रोज बेळगावला ये-जा करतोस, हॅरी पॉटरची सातही वाचून झाली, आता तसलीच लांबलचक सिरीज पाहिजे, सायन्स फिक्शन नाहीतर फँटसी कुठलीपण चालेल, पण दहावीपर्यंत मराठी मीडियम म्हणून इंग्लिश बेताचं आहे. वयानं माझ्यापेक्षा बराच लहान दिसतोस म्हणून सरळ तू म्हणायलोय, राग मानू नको.

आधी माझं सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुझं तू ठरव. मी बेळगावच्या उद्यमबागला एका वर्कशॉपात सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर आहे. घरी मराठी, कामावर मराठी-कन्नड मिसळून, आणि इंग्लिश म्हणजे ड्रॉइंगवरचं नाहीतर मशीनच्या मॅन्युअलमधलं. पंचविशीत पहिल्यांदा जाड इंग्लिश कादंबरी हातात घेतली ती लॉर्ड ऑफ द रिंग्ज, कारण कुणीतरी सांगितलेलं की करायची तर सुरुवात तिथनंच कर. साठ-सत्तर पानं झाली तरी मंडळी वाढदिवस उरकून गावाची वेस ओलांडायला तयार नाहीत, मध्येच गाणी म्हणायलेत, मी आपलं एक हात डिक्शनरीत घालून बसलेलो. पुस्तक मिटलं आणि पुढची दोन वर्षं हे आपल्याला जमायचं नाही असं धरून बसलो. पुढं वाचलं, आवडलंपण, शेवटी शेवटी तर जेवायचं भान नव्हतं. पण पहिलं पुस्तक म्हणून ते नको, आणि कुणी कितीपण थोर म्हणू दे, तू त्याच्यापासून सुरू करू नको.

मी कुठलीपण सिरीज घेताना आता तीनच गोष्टी बघतो. पहिलं पुस्तक एकटं उभं राहतंय का, म्हणजे तिथंच थांबलो तरी गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटती का. जाडी किती. आणि सिरीज संपलीय का. ह्या तिसऱ्याला लोक हसतात पण मी पोळलोय. गेम ऑफ थ्रोन्स ही टीव्ही मालिका ज्याच्यावरनं केली त्या सिरीजचं पहिलं पुस्तक १९९६ चं, पाचवं २०११ ला आलं, आणि सहाव्याची वाट आम्ही अजून बघायलोय, त्यात माझं लग्न होऊन पोरगी शाळेत जायला लागली. व्हील ऑफ टाइमचे तर चौदा खंड, लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ ला वारला आणि शेवटचे तीन खंड त्याच्या टिपणांवरनं ब्रँडन सँडरसननं पुरे केले, २०१३ ला संपली एकदाची. चौदा खंड वाचायला रोजचं खानापूर-बेळगाव पुरायचं नाही, दिल्लीला नोकरी बघावी लागेल.

तर तुझ्यासाठी पहिलं नाव अर्थसी. लेखिका अर्सुला ले ग्वीन, पहिलं पुस्तक अ विझर्ड ऑफ अर्थसी, १९६८ चं, म्हणजे पॉटरच्या एकोणतीस वर्षं आधीचं, आणि त्यातपण जादूगारांची शाळा आहे बरं का. जेमतेम दोनशे पानं. भाषा इतकी साधी की आजी गोष्ट सांगायली असं वाटतं, वाक्यं छोटी, फालतू शब्द नाही. बेटांचा मुलूख, त्यातल्या एका डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा गेड नावाचा पोरगा, अंगात जादू आणि तेवढीच घमेंड, शाळेत फुशारकी मारायला जातो आणि नको ती गोष्ट मोकळी सोडून बसतो. पुढं ती त्याच्या मागं आणि तो तिच्या मागं. एवढंच सांगतो.

पण मला ते पुस्तक आवडलं ते नावांमुळं. त्या जगात प्रत्येक गोष्टीला एक वापरायचं नाव आणि एक खरं नाव, खरं नाव ज्याला कळलं त्याची त्या वस्तूवर सत्ता. माणसं आपलं खरं नाव फक्त जिवाभावाच्याला सांगतात. गेडचा गुरू त्याच्या कानात हळूच त्याचं नाव सांगतो तो प्रसंग वाचताना मला आमच्याकडचं बारसं आठवलं, आत्या बाळाच्या कानात नाव सांगती तसंच की ते. आणि आपण तर असल्या गावात राहतो की एकाच गावाची दोन नावं, २०१४ च्या १ नोव्हेंबरला कागदोपत्री बेळगावी झालं, घरात अजून बेळगावच, आणि कुठल्या पाटीवर कुठलं लिहायचं ह्यावरनं डोकी तापतात हे तुला मी काय सांगणार. नावात जादू असती हे ले ग्वीनबाईंनी कुठल्या कुठं बसून लिहिलं, पण आपल्याला ते पुण्या-मुंबईवाल्यापेक्षा जरा लवकर कळतं असं माझं मत.

दुसरं पुस्तक टूम्ब्स ऑफ अटुआन, ते एका पोरीचं, अंधारातल्या भुयाराचं, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा सरस. तिसरं द फार्देस्ट शोअर, १९७२ चं. तिथं थांबलास तरी चालतंय, पुढची सावकाश.

आता तू म्हणशील की मारामारी पाहिजे, पॉटरसारखी गँग पाहिजे, रात्री झोप उडाली पाहिजे. मग मिस्टबॉर्न. वर ज्याचं नाव घेतलं त्याच सँडरसनची, पहिली तीन पुस्तकं २००६, २००७, २००८ अशी ओळीनं आलेली, पहिल्याचं नाव द फायनल एम्पायर. जाड आहे, सहाशेच्या आसपास पानं जातात, पण इंग्लिश एकदम सरळ, शंभर पानांनंतर तुझ्या लक्षातपण यायचं नाही की परकी भाषा वाचायलोय. कल्पना अशी की भविष्यवाणीतला हिरो हजार वर्षांपूर्वी आला, आणि गोष्ट जशी संपायला पाहिजे तशी संपलीच नाही. आता आकाशातनं राख पडती, रात्री धुकं येतं आणि एक चोरांची टोळी साक्षात सम्राटालाच लुटायचा बेत करती.

ह्यातली जादू धातूंची आहे आणि इथं मी जरा जास्त बोलणार, सहन कर. माणसं धातूची पूड गिळतात आणि पोटात जाळतात, प्रत्येक धातूची शक्ती वेगळी. लोखंड जाळलं की आसपासचा धातू आपल्याकडं खेचता येतो, पोलाद जाळलं की ढकलता येतो. कथलानं कान-डोळे तल्लख होतात. जस्तानं समोरच्याच्या भावना भडकवता येतात आणि पितळेनं शांत करता येतात. तांब्यानं लपता येतं, काशानं लपलेला शोधता येतो. आता जोड्या बघ, लोखंड आणि पोलाद, जस्त आणि पितळ, तांबं आणि कासं, म्हणजे प्रत्येक वेळेला एक मूळ धातू आणि दुसरा त्याचाच मिश्रधातू! हे ध्यानात आलं तेव्हा मी सेकंड शिफ्टला मशीनवर होतो, सायकल टाइम चालू, आणि एकटाच मोठ्यानं हसलो. त्यात परत मिश्रणाचं प्रमाण चुकलं तर जाळणारा आजारी पडतो. पितळेचं कास्टिंग रिजेक्ट होऊन आलं की आमच्यात पण कोणतरी आजारी पडतोच, बहुतेक सुपरवायझर. जादूला असे पक्के नियम असले की वाचणाऱ्याला आधीच डोकं चालवता येतं, आता हा नाणं फेकून त्याच्यावर ढकलून उडणार बघ, आणि तो उडतो. पॉटरमध्ये ही मजा तेवढी नव्हती, तिथं ऐन वेळेला नवीन मंत्र निघायचा.

सायन्स फिक्शनमध्ये तुला सगळे म्हणतील फाउंडेशन आणि ड्यून. दोन्ही मोठीच, पण क्रम सांभाळ.

फाउंडेशन मी डब्यासोबत न्यायला लागलो तर आमच्या शिफ्टचा एक पोरगा विचारला, काय अण्णा, मशीनच्या फाउंडेशन बोल्टवर एवढं जाड पुस्तक असतंय? आयझॅक आसिमॉव्हचं आहे ते, मूळची तीन पुस्तकं १९५१ ते ५३. बारा हजार वर्षांचं साम्राज्य पडणार हे एक गणिती आधीच काढतो, पडल्यावर तीस हजार वर्षं अंधार आहे तो एक हजारावर आणायचा त्याचा बेत. एकेका माणसाचं काय होईल सांगता येत नाही पण कोट्यवधींच्या गर्दीचं सांगता येतं, ही त्यातली मुख्य गोम. मी चुकून आधी दुसराच खंड घेतलेला, जुन्या पुस्तकांच्या ढिगात स्वस्त दिसला म्हणून, आणि त्यातला सगळ्यात भारी धक्का वाया घालवला. तू तसं करू नको. इंग्लिश सोपं आहे, पण माणसं जरा पुठ्ठ्याची वाटतात, खोलीत बसून नुसती बोलत असतात. चालवून घे.

ड्यून तिसऱ्या-चौथ्या नंबरला ठेव. १९६५ चं, फ्रँक हर्बर्टचं. वीसेक प्रकाशकांनी नाकारलं आणि शेवटी छापलं कुणी तर गाड्या दुरुस्तीची मॅन्युअलं काढणाऱ्या चिल्टन कंपनीनं, ही गोष्ट आमच्या लाइनीतल्या माणसाला किती सुखाची आहे बघ. वाळवंटाचा ग्रह, तिथं घामाचा थेंबपण वाया घालवायचा नाही म्हणून अंगातलं पाणी परत फिरवणारा सूट घालून हिंडतात. पुस्तकाच्या मागं शब्दांची यादी आहे, पहिली पन्नास पानं तिथं बोट घालून ठेव. पहिलं वाचून थांबलास तरी चालतंय, हर्बर्टची एकूण सहा आहेत पण मी तिसऱ्यातच दमलो.

जाड बघूनच पोटात गोळा येत असला तर मर्डरबॉट. मार्था वेल्स, पहिलं ऑल सिस्टिम्स रेड, २०१७, दीडेकशे पानं. राखणदारीचा एक यंत्रमानव आहे, त्याला ताब्यात ठेवणारी कळ त्यानं गुपचूप तोडलीय, आता वाटलं तर सगळ्यांना मारू शकतो, पण ह्याला काय पाहिजे तर ड्यूटी करत करत मालिका बघायच्या आणि लोकांनी डोळ्याला डोळा भिडवून बोलू नये. असली माणसं प्रत्येक शिफ्टला एक असती. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला अडकलो की मी ह्याचीच पानं काढायचो, मालगाडी आली तर एक प्रकरण आरामात होतं.

टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डची एकेचाळीस पुस्तकं आहेत. चपटी पृथ्वी, खाली चार हत्ती आणि त्यांच्याखाली कासव, कल्पना घरचीच वाटायली ना? पण ते विनोद इंग्लिशच्या शब्दांवर चालतात, दोन वर्षांनी घे. थ्री बॉडी प्रॉब्लेम ही चिनी सायन्स फिक्शन भारी, त्यातली चिनी नावं वहीत लिहून ठेव, त्यातलं दुसरं पुस्तक जास्त भारी.

मराठीत लांब सिरीज म्हणशील तर मला समाधान देणारी नाही सापडली, खोटं कशाला सांगू. पण नारायण धारपांच्या समर्थांच्या कथा आहेत, एकाच माणसाभोवती फिरणाऱ्या, भुताखेताच्या म्हणून लोक सोडतात पण फँटसीच की ती. आणि जयंत नारळीकर, आपल्या शेजारच्या कोल्हापूरला जन्मलेले. पहिली विज्ञानकथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप ह्या टोपणनावानं पाठवली होती, म्हणजे नावाकडं बघून नंबर मिळू नये म्हणून. आद्याक्षरं उलटी वाच म्हणजे कळेल. सुरुवातीला यक्षांची देणगी घे, मग वामन परत न आला. ह्यांच्यासाठी पैसे घालवू नको, बेळगावात सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे, तिथं विचार, आणि जानेवारीच्या आसपास कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावोगावची साहित्य संमेलनं असतात तिथं पुस्तकांच्या स्टॉलवर चक्कर मार.

वाचताना एकच कर, प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडू नको. पानावर तीनदा आला तोच शब्द बघायचा. घ्यायच्या आधी मोबाइलवर फुकट सॅम्पल येतं ते वाच, दहा पानांत जीव लागला नाही तर दुसरं.

मिस्टबॉर्नचा पहिला खंड मी तुला दिला असता पण तो आमच्या फौंड्रीतल्या भट्टीवाल्यानं नेलाय, चार महिने झाले, विचारलं की म्हणतो, थांब की जरा, अजून पितळेपर्यंतच आलोय.