वाचकांचे प्रश्न : गिटारची खरखर नेमकी कुठून येते?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत असून दोन वर्षांपासून ॲकॉस्टिक गिटार शिकते. बोटे दुखतात म्हणून फेब्रुवारीत आम्ही तिच्या गिटारला १२ क्रमांकाच्या संचाऐवजी १० क्रमांकाचा, म्हणजे बारीक तारांचा संच बसवून घेतला. एप्रिल लागल्यापासून सहाव्या आणि पाचव्या तारेवर पहिल्या चार फ्रेटमध्ये (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांत) खरखर येते. शिवाय पाचवी तार मोकळी छेडली तर तंबोऱ्याच्या जवारीसारखा आवाज निघतो. दुकानदार सॅडल, म्हणजे पेटीवर तारा टेकतात ती पट्टी, उंच करू म्हणतात, तर शेजारचे एक गृहस्थ नेकमधला (दांड्यातला) रॉड फिरवून द्यायला तयार आहेत. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या पत्रातच निदानाचा मोठा भाग आलेला आहे, कारण खरखर कोणत्या तारांवर आणि कोणत्या फ्रेटमध्ये येते, ती कधी सुरू झाली आणि त्याआधी गिटारमध्ये कोणता बदल झाला, हे आपण लिहिले आहे. बहुतेक जण केवळ ‘आवाज खराब येतो’ एवढेच सांगतात. मोजमाप होईपर्यंत मात्र सॅडलला किंवा रॉडला कोणालाही हात लावू देऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

कंप पावणारी तार पुढच्या एखाद्या फ्रेटला शिवते, तेव्हा खरखर उमटते. म्हणून ती कोठे उमटते यावरून दोष कोठे आहे याचा अंदाज बांधता येतो. फक्त मोकळ्या तारेवर आवाज येत असेल आणि कोणत्याही फ्रेटवर बोट ठेवताच तो जात असेल, तर संशय प्रथम नटवर, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीवर, घ्यावा. पहिल्या पाच फ्रेटमध्ये खरखर असेल, तर नेक गरजेपेक्षा सरळ झालेली किंवा मागे वाकलेली असण्याचा संभव अधिक असतो. बाराव्या फ्रेटच्या पुढे असेल, तर सॅडल खाली गेलेले असते किंवा नेक जिथे पेटीला मिळते तिथे फ्रेटबोर्डला उंचवटा आलेला असतो. एकाच जागी असेल, तर लगतचा फ्रेट उंच राहिलेला असतो.

आपल्या गिटारची खरखर पहिल्या चार फ्रेटमध्ये आहे आणि तारांचा संच बदललेला आहे, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की नेकवरच लक्ष जाते. १२ क्रमांकाचा संच नेहमीच्या सुरात लावला की सहा तारांचा मिळून सुमारे ७० ते ७५ किलो ताण नेकवर येतो आणि तो नेकला पुढे, तारांच्या बाजूला खेचतो. नेकच्या आतला ट्रस रॉड या ओढीला तोलून धरतो. १० क्रमांकाच्या संचाचा ताण बराच कमी असतो. पण रॉड मात्र जुन्या ताणाच्या हिशेबानेच आवळलेला राहतो, त्यामुळे त्याचा जोर वरचढ ठरून नेक सरळ होते आणि कधी मागेही झुकते. कंप पावणाऱ्या तारेला मध्यभागी अधिक जागा लागते, म्हणून नेकला पुढच्या बाजूस किंचित बाक असावा लागतो. तो बाक नाहीसा झाला की सुरुवातीचे फ्रेट बोलू लागतात. बारीक तार सैल असल्याने तिचा झोकाही मोठा असतो, आणि त्यामुळे अडचणीत भर पडते.

हे घरीच तपासता येते. गिटार नेहमीच्या सुरात लावावी, वाजवताना धरतो तशी मांडीवर घ्यावी, सहावी तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने चौदाव्या फ्रेटवर दाबून ठेवावी आणि सहाव्या-सातव्या फ्रेटच्या वर किती फट दिसते ते मुलीला पाहायला सांगावे. ताणलेली तार येथे पट्टीचे काम करते. ही फट साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असावी. फोटोकॉपीच्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून दोन कागद तार न उचलता फटीत सरकले तर नेक ठीक आहे असे समजावे. नेमके माप हवे असेल तर दुचाकीचे टॅपेट जुळवणाऱ्या मिस्त्रींकडे असते ते फीलर गेज वापरावे. तार सहाव्या-सातव्या फ्रेटला टेकूनच राहिली असेल, तर आपला प्रश्न बहुतांशी तेथेच सुटला.

अशा वेळी रॉड थोडा सैल करावा लागतो. रॉडच्या टोकाच्या (किल्लीने फिरवायच्या) नटकडे समोरून पाहत किल्ली घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावी, पण एका वेळी अष्टमांश फेऱ्याहून अधिक नव्हे. नंतर तारा पुन्हा सुरात आणून गिटार रात्रभर तशीच ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे, कारण लाकूड आपली नवी जागा सावकाश घेते. किल्लीला मुळीच विरोध जाणवत नसेल, तर रॉड आधीच सैल आहे आणि सैल करण्याने यापुढे काही साधणार नाही; फार जोर लागत असेल, तर थांबून जाणकार कारागिराकडे जावे. आपल्या शेजाऱ्यांचा हेतू चांगला असेलच, पण माप न घेता रॉड फिरवण्याची घाई वाद्याला महागात पडते. दुसरा मार्ग ११ क्रमांकाचा संच बसवण्याचा आहे. बोटांना तो १२ पेक्षा सोपा जातो आणि नेकचा तोल आताइतका बिघडवत नाही.

सॅडल उंच करण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. कोणताही फ्रेट दाबला तरी तेथून पुढच्या फ्रेटपर्यंतचे अंतर सॅडलपर्यंतच्या उरलेल्या लांबीच्या सुमारे अठराव्या भागाइतके असते. म्हणजे सॅडल पूर्ण १ मिलिमीटर उंच केले तरी लगतच्या फ्रेटवर तारेला जेमतेम ०.०६ मिलिमीटर जागा मिळते; मात्र बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर वर जाते आणि ज्या दुखणाऱ्या बोटांसाठी तारा बदलल्या, त्यांचाच त्रास वाढतो. सॅडलखाली कागदाच्या घड्या घातलेल्या गिटारी पाहिल्या की मला खरोखर वाईट वाटते; मूळ दोष तसाच राहतो आणि कंप पेटीपर्यंत नीट पोहोचत नाही. बाक जुळल्यानंतर बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली सुमारे २.४ ते २.८ आणि पहिल्या तारेखाली १.६ ते २ मिलिमीटर अंतर असेल, तर सॅडल आहे तसेच राहू द्यावे.

खरखर नेमकी एप्रिलमध्ये वाढली, हाही मुद्दा सोडू नये. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड ओलावा सोडते, पेटीची वरची फळी किंचित खाली बसते आणि तिच्यावरच्या ब्रिजसह (सॅडल धरून ठेवणाऱ्या पट्टीसह) तारा फ्रेटजवळ येतात. पावसाळ्यात याच्या उलट घडते. फ्रेटबोर्डच्या कडेवरून बोट फिरवताना फ्रेटची टोके टोचू लागली असतील, तर लाकूड आकसले आहे, कारण धातू त्याच्याबरोबर आकसत नाही. अखंड लाकडाच्या फळीत हा फरक अधिक होतो, प्लायच्या फळीत कमी. गिटार बंद केसमध्ये ठेवावी, आत भोके पाडलेल्या साबणदाणीत ओलसर पण न ठिबकणारा स्पंज ठेवावा आणि आर्द्रतामापक ४५ ते ५५ टक्के दाखवील असे पाहावे. कूलरच्या झोतात तर ती कधीच ठेवू नये. दुपारी दमट हवा आणि कूलर बंद झाल्यावर कोरडी, अशी रोजची ओढाताण लाकडाला मानवत नाही.

आता जवारीविषयी. तंबोऱ्याची घोडी पसरट आणि किंचित उतरती असते, तार तिला हलकी शिवत राहते आणि कारागीर दोरा सरकवून तो स्पर्श मुद्दाम साधतो. गिटारच्या नटच्या खाचेतून मात्र तार फ्रेटबोर्डकडील कडेवरच सुटली पाहिजे. खाच मध्येच खोल झाली असेल, किंवा जाड तारेसाठी कोरलेल्या खाचेत बारीक तार हलत असेल, तर नको असलेली जवारी तयार होते. बाक जुळवूनही आवाज राहिला, तर पाचव्या तारेखाली खाचेत कागदाची बारीक पट्टी घालून पाहावी. आवाज गेला तर दोष नटचा आहे. मग खाच भरून नव्याने कोरून घ्यावी किंवा हाडाचा नवा नट बसवावा. हा क्रम मोडू नये, कारण मागे झुकलेल्या नेकमुळेही मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागते आणि अशा वेळी चांगला नट विनाकारण बदलला जातो.

प्रश्न : माझ्या गिटारवर ‘ए’ हा एकच स्वर खरखरतो, पाचव्या मोकळ्या तारेवरही आणि सहाव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरही. फ्रेट घासून घ्यावेत का?
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : फ्रेट मुळीच घासू नयेत. दोन वेगळ्या तारांवर, दोन वेगळ्या जागी तोच ११० हर्ट्झचा स्वर खरखरत असेल, तर बहुधा त्या स्वराच्या कंपनाने गिटारचा एखादा सैल भाग थरथरतो आहे. एकाने तो स्वर वाजवत राहावे आणि दुसऱ्याने एकेक भाग हाताने दाबून पाहावा : ट्यूनिंगच्या खुंट्या, त्यांच्याभोवतीच्या षटकोनी चकत्या, खुंटीपुढे उरलेली तारांची टोके, ब्रिजच्या पिना, पट्ट्याचे बटण आणि पिकअप असल्यास आतली वायर व बॅटरी. ज्या ठिकाणी हात ठेवताच आवाज थांबतो, तेथे दोष सापडतो. चकत्या सैल असतील तर बहुतेक वेळा १० मिलिमीटरच्या पान्याने त्या हलक्या हाताने आवळता येतात. याने काही निष्पन्न झाले नाही, तर सर्व तारा तळहाताने दाबून वरच्या आणि मागच्या फळीवर बोटाच्या पेराने जागोजाग हळुवार ठोकावे. फुटक्या मडक्यासारखा आवाज जेथे येईल, तेथे आतली आधारपट्टी सुटलेली असू शकते. तिला अंदाजाने गोंद ओतून चिकटवू नये. ती शिकंज्यात धरून नीट चिकटवणाऱ्या कारागिराकडेच गिटार न्यावी आणि आवाज आला त्या जागेवर सहज निघणारी कागदी चिकटपट्टी लावून ती खूण त्याला दाखवावी.