वायू घटला म्हणून निश्चिंत होऊ नकोस

ब्रह्मगिरी, अंजनेरी चढून तुला ज्वालामुखीचं वेड लागलं, फार छान झालं. पण आपल्या नाशिकचा काळा पाषाण बहुतांशी संथ वाहिलेल्या लाव्हाचा. स्फोटक ज्वालामुखीचं गणित निराळं. तिथं भूकंपांची संख्या आणि जमिनीचा फुगवटा तर बघायचाच, पण डोंगरातून बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेव. १९९१च्या मे महिन्यात फिलिपिन्सच्या पिनाटुबोवर तो दिवसाला सुमारे ५०० टनांवरून ५,००० टनांवर गेला, मग एकदम घटला. नवख्याला वाटेल, संकट टळलं. खरं तर वायूची वाट बुजली होती, आत दाब साठत होता. १५ जूनला डोंगर फुटला. आधीच हलवलेले हजारो लोक वाचले, हे मला फार मोठं वाटतं. रविवारी ये, कंपनांचे आलेख सोबत वाचू.