पुढं काय झालं, सांग की!

या वेळच्या पत्रांतलं एक पत्र मी चारदा वाचलं. जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहणाऱ्या एका मुलाचं आहे. मूळचा आपल्या बेळगावच्या वडगावातला. वयानं माझ्या मुलाएवढा, म्हणून त्याला 'तू'च म्हणते. तो लिहितो:

"काकू, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चौदा माणसं आहेत. वडगावात आई-बाबा, निपाणीची आत्या, पुण्यात दादा आणि धारवाडच्या वहिनी, शिवाय चुलतभावंडं. बाबा शाळेतून रिटायर झाल्यापासून दर दोन-तीन दिवसांनी एका सिनेमाचं नाव टाकतात आणि खाली लिहितात, 'जरूर बघणे.' मी वेळ काढून बघतो, आवडला तर अंगठा देतो. मागच्या महिन्यात त्यांनी सैराट पुन्हा बघायला सांगितला. मी बघितला आणि प्रामाणिकपणे लिहिलं, 'चांगला आहे, पण हैदराबादला गेल्यावर उगाच लांबलाय. पाचपैकी तीन.' त्यावर बाबांनी लिहिलं, 'तुला आता आमचं सगळंच लांबलेलं वाटणार.' तेव्हापासून तीन आठवडे झाले, एकही नाव नाही. मी फोन केला की अंगणात जाऊन बसतात. सिनेमा आवडला नाही, एवढं म्हणायचीही चोरी आहे का?"

चोरी नाही रे बाळा. सिनेमा आवडण्या-नावडण्याचा हक्क तुझा आहे, तो बाबाही काढून घेणार नाहीत. पण ज्या माणसानं तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांचे पेपर तपासले, त्याला तू गुण दिलेस, आणि तेही चौदा माणसांसमोर. हे तुला लिहितानाच कळायला हवं होतं.

तरी माझं खरं दुखणं गुणांचं नाही. वर्षानुवर्षं मी या सदरात एकच गोष्ट सांगत आलेय आणि आजही तीच सांगणार आहे. आपल्या माणसांनी एकमेकांना सिनेमा सांगायचं सोडलं. आता नाव पाठवतात, लिंक पाठवतात, तारे देतात, अंगठे देतात. सांगत कुणीच नाही.

आमचं घर बेळगावातल्या शहापूरचं. गल्लीत दिवसभर मागांची खटखट. सिनेमाला सगळ्यांनी जायचं म्हणजे पैसेही नव्हते आणि घर टाकून जाताही येत नव्हतं. म्हणून कुणीतरी एक-दोघं ग्लोबला नाहीतर चित्राला जाऊन यायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं उरकली की कट्ट्यावर बसून सिनेमा सांगायची. आमच्याकडं हे काम मोठ्या आत्याचं. आजी शेंगा फोडत बसलेली असायची, आई भाजी निवडायची, आणि शेजारच्या अक्का हमखास येऊन टेकायच्या. अक्का गोकाककडच्या, घरात पक्कं कन्नड. मराठी त्यांना निम्मं-शिम्मं कळायचं. पण आत्या जरा दम घ्यायला थांबली की त्यांचा प्रश्न ठरलेला, "मुंद एनातु?" पुढं काय झालं?

'वहिनीच्या बांगड्या' हा सिनेमा १९५३ चा. माझ्या लहानपणी तो पुन्हा लागला होता. मला कुणी नेलं नाही, आत्या जाऊन आली. तिनं तो सांगितला तेव्हा सुलोचनाबाईंचं बोलणं सांगताना ती पदर डोक्यावर घ्यायची, नजर खाली न्यायची आणि बोलायच्या आधी क्षणभर थांबायची. पुढं कितीतरी वर्षांनी तो सिनेमा मी स्वतः बघितला, तर सुलोचनाबाई खरोखरच तशा थांबतात. आत्यानं ते थांबणं शहापूरच्या कट्ट्यावर जसंच्या तसं आणून ठेवलं होतं. आजीचं माहेर चिकोडीकडचं. ती दर वेळी मध्येच म्हणायची, "आपल्या खडकलाटची पोरगी ती!" निपाणीजवळचं खडकलाट म्हणजे सुलोचनाबाईंचं जन्मगाव. आजीनं आयुष्यात दोनच सिनेमे टॉकीजमध्ये जाऊन बघितले, पण शंभरेक तरी ऐकले असतील. आणि ते तिचेच होते.

मी १९८३ साली टोरांटोला गेले. तिथं माझ्याकडूनही तुझ्यासारखीच चूक झाली, आणि ती मी मुलाच्या बाबतीत केली. 'श्वास' आला तो २००४ मध्ये. श्यामची आईनंतर पन्नास वर्षांनी मराठीला राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालं, भारताकडून तो ऑस्करसाठी गेला, आणि आम्हा तिकडच्या माणसांचा ऊर भरून आला. डिस्क मिळवली, अकरा वर्षांच्या पोराला समोर बसवलं आणि म्हटलं, "बघ, केवढा पुरस्कार मिळालाय!" तो बिचारा खालची इंग्रजी अक्षरं वाचत राहिला. चेहऱ्यांकडं बघायला त्याला सवडच नव्हती. अर्ध्यावर उठून गेला. मी चिडले, त्याला नको ते बोलले.

त्या आठवड्यात आईचा फोन होता. म्हणजे लावायची मीच, कॉलिंग कार्डावरून. तिनं तो सिनेमा कोल्हापूरला मावशीकडं गेली असताना बघितला होता. मी माझी तक्रार केली तर म्हणाली, "त्याला दे फोन." आणि तिनं सांगायला सुरुवात केली. कोकणातले आजोबा, त्यांचा नातू, त्याच्या डोळ्यांचा आजार, ऑपरेशन केलं तर जीव वाचणार पण दृष्टी जाणार. "आणि मग," ती म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी आजोबा कुणालाच न सांगता पोराला दवाखान्यातनं बाहेर घेऊन गेले." पोरगा विचारतो, कुठं? आणि कार्डाची मिनिटं संपली. मी मुद्दाम दुसरं कार्ड काढलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः नंबर फिरवला. बाकीचा अर्धा सिनेमा त्यानं त्या रात्री बघितला, माझ्या शेजारी बसून, अक्षरांकडं न बघता. आज तो बत्तीस वर्षांचा आहे. आजी जाऊन नऊ वर्षं झाली. तरी 'श्वास' म्हटलं की त्याला डिस्क आठवत नाही, आजीचा आवाज आठवतो.

आता तुझ्या सैराटकडं येते. तू म्हणतोस, हैदराबादला गेल्यावर लांबलाय. नीट आठव तिथं काय आहे ते. दोन पोरं घर सोडून परक्या शहरात येतात. कुणाची भाषा कळत नाही. एका खोलीत राहायचं. गावात बुलेट फिरवणारी आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, परशा डोशाच्या गाडीवर राबतो. ती हळूहळू तेलुगू शिकते, आणि आईची आठवण आली की तिच्यानं राहवत नाही. गाणी थांबतात, पळापळी थांबते, एकेक दिवस मुश्किलीनं पुढं सरकतो. नागराज मंजुळ्यांनी तो भाग लांबवला तो उगाच नव्हे. परक्या गावातले पहिले दिवस तसेच लांब असतात. तुला स्वतःला आठवतात ना? मला तर टोरांटोतला पहिला हिवाळा अजून संपलेला नाही असं वाटतं.

तुझे बाबा सैराट 'परत' बघ म्हणाले. का म्हणाले असतील? माझ्या मते ते गाण्यांसाठी नाही म्हणाले. मास्तर माणूस, पोरगा परमुलखात कसा राहिला असेल हे कधी तोंडानं विचारलं नसेल त्यांनी. सिनेमाचं नाव पाठवून ते हेच विचारत होते. आणि नेमक्या त्या भागाला तू लिहिलंस, उगाच लांबलाय. मी चुकत असेन, तर बाबांनाच विचार. पण "सिनेमा कसा वाटला" असं विचारू नको. "तुम्ही कुठं थांबलात?" असं विचार.

बाबांनाही दोन शब्द सांगायचे आहेत, त्यांना हे वाचून दाखव. मास्तर, 'जरूर बघणे' ही नोटीस झाली. नावाखाली तीन ओळी तरी लिहा, नाहीतर फोनवर सांगा. आणि शेवट सांगू नका. आमची आत्या शेवट कधीच सांगायची नाही. म्हणायची, तेवढ्यासाठी तरी तिकीट काढा की.

पत्रात तू जाता जाता लिहिलंयस, "वहिनी कन्नड सिनेमे सुचवतात, त्यावर बाबा काहीच बोलत नाहीत." हे मला खुपलं. सीमाभागाचं दुःख मला कुणी सांगायला नको. माझे वडील १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधात, काळ्या दिनाच्या फेरीत चालायचे, आणि त्याच दिवशी अक्कांचे यजमान राज्योत्सवाला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाला जायचे. त्या दिवशी दोन्ही घरांत बोलणं कमी असायचं. पण दुपारी अक्का कट्ट्यावर यायच्याच, आणि आत्या सिनेमा सांगायचीच. सैराटचाच कन्नड अवतार, 'मनसु मल्लिगे', २०१७ साली आला आणि त्यातही आपली आर्ची, रिंकू राजगुरूच आहे. 'उंबरठा'त स्मिता पाटीलसमोर कन्नड नाटककार गिरीश कार्नाड उभे आहेत. अतुल कुलकर्णींचा जन्म बेळगावचा, आणि त्यांनी दोन्ही भाषांत कामं केली आहेत. तुझ्या वहिनींना म्हणावं, गिरीश कासारवळ्ळींचा कन्नड 'घटश्राद्ध' सांगा. १९७७ चा आहे, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, एका लहान मुलाच्या नजरेतून बघितलेला. त्यांनी तो मोडक्यातोडक्या मराठीत सांगावा आणि बाबांनी एकदा तरी "मुंद एनातु?" म्हणावं. त्यानं बाबांच्या मराठीपणाला काही होत नाही.

तुझ्या मुलांचंही लिहिलंयस की मराठी सिनेमा त्यांना स्लो वाटतो. त्यांना अविनाश अरुणचा 'किल्ला' दाखव. वडील गेलेला मुलगा, आईची बदली झाली म्हणून कोकणातल्या अनोळखी गावात येतो, नवी शाळा, नवे मित्र. तुझ्या पोरांना हे समजावून सांगावं लागणार नाही. २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात या सिनेमाला क्रिस्टल बेअर मिळालं, आणि ते दिलं मुलांच्याच ज्युरीनं. मात्र हे बक्षिसाचं त्यांना सिनेमा बघून झाल्यावर सांग, आधी नको. माझी चूक तू करू नकोस. बघताना शेजारी बस. मध्यंतराला थांबव आणि पोरांना निम्मा सिनेमा आजोबांना फोनवर सांगू दे, त्यांना जमेल त्या मराठीत. शब्द अडला तर तू लगेच पुरवू नको, आजोबा पुरवतील.

बाकीच्या पत्रांना थोडक्यात उत्तरं देते. शारजाहच्या सूनबाई विचारतात, खानापूरहून सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार, तर कुठलं ॲप घ्यावं. जे परवडेल ते घ्या. रिमोटची चार बटणं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवा, म्हणजे दर वेळी तुम्हाला हाक मारावी लागणार नाही. न्यू जर्सीच्या ताईंचे यजमान मराठी सिनेमा लावला की झोपतात. झोपू द्या, आठवडाभर दमलेले असतात. आणि मंडळाच्या शोला चाळीस मैल जावं का, असं ज्यांनी विचारलंय, त्यांनी जावं. येताना गाडीत गाणी लावू नका, सिनेमाबद्दल बोला.

वडगावच्या पोरा, तुझ्याकडं उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार गेला की साडेचार. म्हणजे सध्या बाबांचे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा तुझ्याकडं दुपारचा दीड. या रविवारी दीडला फोन लाव. बाबांच्या नंबरवर नको, आईच्या नंबरवर लाव आणि तिला म्हण, फोन घेऊन अंगणात जा. सॉरीनं सुरुवात करू नको, त्यानं ते अजून अवघडतील. म्हण, "बाबा, आर्ची हैदराबादहून आईला फोन करते ना, तिथनं पुढचं मला तुमच्या तोंडून ऐकायचंय." मग मधे बोलू नको. फक्त अधूनमधून हुंकार दे, नाहीतर त्यांना वाटेल फोन कट झाला.