बिनझाकणाची गिटार: सेमी-हॉलो घेताना आधी काय तपासायचं

भाऊ, पाचोऱ्याला राहता, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात स्ट्रॅटच्या धाटणीची गिटार वाजवता आणि आता इफेक्ट प्रोसेसर, केस सगळं धरून ४५ हजारांत सेमी-हॉलो (बाजूंनी पोकळ, मधे लाकूड अशी इलेक्ट्रिक गिटार) घ्यायची आहे. नवी की जुनी, कोणती, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तिचं काय होईल, असं तुम्ही विचारलंय. उत्तर लांबेल, कारण या गिटारीची मेख वेगळी आहे: तिला झाकण नसतं.

स्ट्रॅटचा पिकगार्ड (पुढची प्लेट) उघडला की सगळी वायरिंग हातात येते. लेस पॉलला मागे प्लेट असते. गिब्सनच्या ईएस-३३५ या सेमी-हॉलोच्या धाटणीच्या बहुतेक गिटारींना यातलं काहीच नाही. पॉट (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग), स्विच, जॅक (वायर खुपसायची जागा) सगळं एफ-होलमधून, म्हणजे अंगावरच्या एफ आकाराच्या फटीतून, आत सरकवलेलं, आणि बाहेर काढायचं तेही त्याच फटीतून. म्हणून 'आता स्वस्तात घेऊ, मग हळूहळू सुधारू' हा स्ट्रॅटला चालणारा हिशेब इथं अंगाशी येतो. नेक, ब्रिजची (अंगावर तारा टेकतात त्या पट्टीची) जागा आणि आतली वायरिंग घेतानाच ठीक पाहिजे. ट्युनर (तारा पिळायच्या खुंट्या), नट (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी), तारा यांचं नंतर बघता येतं.

दुकानात गेल्यावर नुसतं 'सेमी' म्हणू नका. आपल्याकडे दुकानदार पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) आणि इक्वलायझर बसवलेल्या साध्या अकूस्टिकलाच 'सेमी-अकूस्टिक' म्हणतो आणि तीच काढून समोर ठेवतो. 'इलेक्ट्रिक, ३३५ चा आकार, मध्ये ठोकळा असलेली' असं सांगा. गिब्सनने १९५८ साली ईएस-३३५ काढली तेव्हाची खरी युक्ती हा ठोकळाच: दोन्ही बाजूंचे पंख पोकळ, आणि नेकपासून शेपटापर्यंत मधून सलग लाकूड. मोबाईलची बॅटरी लावून एका एफ-होलमध्ये बघा. आत लाकडाची भिंत दिसली तर ठोकळा आहे. उजेड पलीकडच्या एफ-होलमधून बाहेर पडला तर गिटार पूर्ण पोकळ आहे. काही मॉडेलांत ठोकळा फक्त ब्रिजखाली असतो, तेही याच तपासणीत कळतं.

मांडवात हा फरक लगेच कळतो. तुमच्या मागे ढोलकी, बाजूला मॉनिटर, आणि साउंडवाल्याचा हात कायम वरच्या दिशेने. पोकळ गिटारीचा वरचा पत्रा, म्हणजे पुढची पातळ फळी, स्पीकरच्या आवाजाने थरथरतो, ते पिकअप उचलतो, परत स्पीकरमधून येतं आणि 'हूँऽऽ' सुरू. ठोकळा तो पत्रा आवरून धरतो. तरी पूर्ण बंद होत नाही. ब्लूजवाले गिटारवादक बी. बी. किंग यांच्या नावाने गिब्सनने १९८० साली काढलेल्या ल्युसिल मॉडेलला एफ-होलच ठेवली नाहीत, ती याच त्रासापायी. तुम्हाला फोम पुरेल. एफ-होलपेक्षा चहूबाजूंनी २-३ मिमी मोठा तुकडा कापून दाबून बसवायचा, आणि त्याला दोरा बांधून ठेवायचा. दोरा नसला आणि फोम आत पडला की पुढचा अर्धा तास चिमट्याने मासेमारी.

आता नावं. इबानेझच्या आर्टकोर मालिकेत अक्षरांवरूनच कळतं: एएस म्हणजे सेमी-हॉलो, एएम म्हणजे लहान अंगाची सेमी-हॉलो, एएफ म्हणजे पूर्ण पोकळ. एएस५३ आणि एएस७३ या तुमच्या कामाच्या. एपिफोनमध्ये २०२० पासून ईएस-३३५ याच नावाने येते, त्याआधी तीच धाटणी 'डॉट' म्हणून विकली जायची, आणि जुन्या बाजारात डॉट अजून फिरते. एपिफोन कॅसिनो दुरून अगदी तशीच दिसते, पण ती आतून पूर्ण पोकळ आणि तिला एकाच वेटोळ्याचे पी-९० पिकअप, तेव्हा चेहऱ्यावर भुलू नका. ग्रेचच्या स्ट्रीमलायनर मालिकेतली जी२६२२ सेंटर ब्लॉकची आहे, आवाज थोडा वेगळ्या जातीचा. स्क्वायरच्या स्टारकास्टरची स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच, म्हणजे तुमच्या हाताला सवयीची. बाकीच्यांची पावणेपंचवीसच्या आसपास, त्यामुळे तोच तारांचा सेट त्यांच्यावर मऊ लागतो. नऊ नंबरचा सेट वाजवत असाल तर इथं थोडा जाड, १०-४६ चा लावा.

माझं मत विचाराल तर नवी घ्यायची असेल तेव्हा बजेटात बसेल ती एएस, आणि जुनी नीट तपासून मिळत असेल तर एएस७३ किंवा डॉट. नाव न ऐकलेली नवी गिटार चकचकीत असली तरी जुन्या डॉटपुढे घेऊ नये. हार्ली बेंटनचे ऑनलाइन आकडे बघून मोह होतो, पण ती जर्मनीच्या थोमानकडून येते. वाहतूक आणि कस्टम धरून बेरीज करा, आणि नेक वाकडी निघाली तर परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हेही आधीच विचारा. 'गिब्सन ३३५, अर्जंट विक्री, २५ हजार' असं दिसलं तर ती नक्कल समजा. हेडस्टॉकवरचं (नेकच्या खुंट्यांच्या टोकावरचं) घंटेच्या आकाराचं ट्रस रॉडचं, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचं, झाकण खऱ्या गिब्सनला दोन स्क्रूवर असतं, नकलेत बऱ्याचदा तीन.

पिकअप हंबकरच घ्या. त्यातली दोन वेटोळी एकमेकांची घरघर मारतात. मांडवाच्या वायरिंगला धड अर्थिंग नसतं, शेजारी डिमर आणि सिरीजच्या माळा, वर जनरेटर. तिथं पी-९० चा गोडवा ऐकायला कोणी थांबत नाही.

४५ हजारांतले ३० ते ३२ गिटारीला ठेवा, ७-८ प्रोसेसरला, ३-४ केसला, आणि उरलेले सेटअप व तारांना. अॅम्प या बजेटात सोडून द्या, कारण मांडवात शेवटी तुम्ही मिक्सरमध्येच जाणार. पण गिटार थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावू नका. त्या इनपुटचा रोध १० किलोओमच्या आसपास, आणि अशा पिकअपला लागतो १ मेगाओम. मधे काही नसलं की वरचे सूर मरतात आणि गिटार पांघरुणात गुंडाळल्यासारखी वाजते. मग बिचाऱ्या गिटारीला नावं ठेवतात. कॅबिनेट सिम्युलेशन (अॅम्पच्या स्पीकरपेटीच्या आवाजाची नक्कल) असलेला साधा मल्टी-इफेक्ट प्रोसेसर किंवा १ मेगाओम इनपुटचा डीआय बॉक्स (गिटारीचा सिग्नल मिक्सरजोगा करणारी डबी) मधे टाका.

बघायला जाल तेव्हा खिशात सूर दाखवणारा ट्युनर, कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), १५ सेंटीमीटरची स्टीलची पट्टी, मोबाईल आणि फिलर गेज ठेवा. फिलर गेज म्हणजे मोटारसायकलचा मिस्त्री टॅपेट सेट करायला वापरतो तोच, ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो.

गिटार सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट मोजा. ०.१५ ते ०.२५ मिमी चांगली. फट अजिबात नसेल किंवा अर्ध्या मिलिमीटरच्या वर असेल तर ट्रस रॉडचं झाकण उघडायला लावा. रॉडचा नट शेवटपर्यंत आवळलेला किंवा त्याच्या कडा गोल झालेल्या दिसल्या तर तिथंच नमस्कार करून निघा. नट ठीक असेल तर मालकाच्या परवानगीने पाव फेरा द्या. घड्याळाच्या दिशेने आवळला की फट कमी होते. पाव फेऱ्यानेही काहीच हललं नाही तर रॉडचं काम संपलंय.

मग कॅपो काढून प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा, २२ च्या २२. पहिली आणि दुसरी तार बाराव्या ते सतराव्या फ्रेटवर एक सूर वर ओढून बघा. मधेच आवाज मेला तर फ्रेट घासावे लागणार, तेवढे पैसे किमतीतून कमी करा. तारांच्या नटच्या मागे, जिथं हेडस्टॉक मागे झुकतो, तिथं बॅटरी तिरपी धरून बघा. अशा गिटारी पडल्या की तिथंच तुटतात, कारण ट्रस रॉडच्या खाचेमुळे लाकूड तिथंच पातळ असतं. रंगावरची केसासारखी रेघ वेगळी आणि भेग वेगळी. नख अडकलं तर भेग धरा. यातल्या बहुतेकींची नेक अंगाला चिकटवलेली असते, तो सांधाही असाच बघा. ब्रिजचे दोन खांब पुढे, नेककडे झुकलेले असतील तर तो दोष घरी सुधारण्यातला नाही. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्युनरवर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेखालचा सरकता तुकडा) मागे घ्यायची, उतरता असेल तर पुढे. पण सॅडल आधीच टोकाला जाऊन बसली असेल तर ब्रिजची जागाच चुकली आहे.

शेवटी पाठीवर बोटाच्या पेराने सगळीकडे टकटक करा. 'खर्र' असा बारीक आवाज आला तर आत काहीतरी सुटलंय. वायर लावून स्विचच्या तिन्ही जागा तपासा, चारही नॉब फिरवा आणि जॅक हलवून बघा.

जॅकबद्दल जरा सविस्तर, कारण घरी आल्यावर पहिली अडचण तिथलीच. वायर रोज लावून-काढून नट सैल होतो. आपण नुसता नट आवळतो, आत जॅक फिरतो, वायरला पीळ पडून टाका तुटतो. पेन्सिलसारखी निमुळती लाकडी काडी जॅकच्या भोकात घट्ट रुतवा, तिने जॅक धरून ठेवा आणि मगच पान्ह्याने नट आवळा. आणि जॅक आत पडलाच तर मत्स्यालयात हवा सोडायची बाहेरून ६ मिमीची नळी आणा. ती जॅकच्या भोकातून आत सारून एफ-होलमधून बाहेर काढा. तारेच्या आकड्याने जॅक एफ-होलपर्यंत आणा, नळीच्या टोकावर एखाद-दोन वेढे टेप गुंडाळून ते जॅकच्या आटेवाल्या तोंडात घट्ट बसवा आणि दुसऱ्या बाजूने नळी हळू ओढा. जॅक भोकात आला की वॉशर आणि नट नळीवरूनच ओवून आट्यांवर चढवा, नळी नंतर काढा. पॉटलाही हीच युक्ती, तिथं नळी दांड्यावर चढवायची. मात्र पॉट बदलणार असाल तर आधी एफ-होलची रुंदी मोजा. मोठा पॉट २४ मिमीचा असतो, स्वस्त गिटारीत लहान घातलेले असतात, आणि मोठा त्या फटीतून जाईलच असं नाही.

सेटअपचा क्रम मोडू नका: आधी रिलीफ (कॅपो लावून मोजलेली ती नेकची फट), मग ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची), मग इन्टोनेशन (बाराव्या फ्रेटवरची सुरांची जुळणी), सगळ्यात शेवटी पिकअपची उंची. बाराव्या फ्रेटवर सहावी तार १.८ ते २ मिमी आणि पहिली १.५ च्या आसपास. टेलपीस (ब्रिजमागची तारा अडकवायची पट्टी) फार खाली आवळल्याने तारा ब्रिजच्या मागच्या कडेला टेकत असतील तर ती थोडी वर घ्या. तिसरी तार ओढल्यावर सुरात परत येत नसेल तर खुंट्यांना दोष देण्याआधी तारांच्या नटच्या खाचेत शिसपेन्सिलीची पूड घाला. या हेडस्टॉकवर तिसरी आणि चौथी तार नटमधून तिरप्या जातात म्हणून तिथंच अडकतात.

आता आपला उन्हाळा. सेमी-हॉलोचं अंग प्लायसारखं थरांचं असतं, त्यामुळे भारी अकूस्टिकसारखा वरचा पत्रा सहसा तडकत नाही. हलते ती नेक. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत फिंगरबोर्ड आकसतो, नेक मागे झुकते, पहिल्या काही फ्रेटवर तारा खरखरतात आणि फ्रेटची टोकं कडेला बोटाला टोचतात. श्रावणात उलट, नेक पुढे वाकते आणि ॲक्शन वर जाते. म्हणून वर्षातून दोनदा, अक्षय तृतीयेच्या सुमारास आणि पोळ्याच्या सुमारास रिलीफ मोजा आणि लागला तरच पाव फेरा द्या. खरी पंचाईत कूलर करतो. तो चालू असताना खोली दमट, लाइट गेली की तासाभरात कोरडी ठाक. गिटार भिंतीवर कूलरच्या झोतात टांगू नका, केसमध्ये ठेवा. केसमध्ये भोकांची साबणदाणी, त्यात ओला करून पिळलेला स्पंज, आणि एक छोटा हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारा). काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राहिला म्हणजे झालं. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत मात्र केससकट सुद्धा नको, सांध्यातला गोंद नरम पडतो.

आणायला मुंबई-पुण्याला जाल, तर ट्रायल घ्यायला अख्खा दिवस हाताशी ठेवा. नंदुरबारकडच्या कोणाला हेच विचारायचं असेल तर त्यांना ताप्ती लाइनने सूरत जवळ. ३३५ चं अंग १६ इंच रुंद, साध्या इलेक्ट्रिकच्या बॅगेत ते शिरत नाही. अकूस्टिकच्या बॅगेत कसंबसं शिरलं तरी जाडी कमी असल्याने आत हेलकावते. तिच्याच मापाची केस घ्या. प्रवासात तारा एक-दोन सूर उतरवा, हेडस्टॉकच्या खाली नाही, नेकच्या खाली टॉवेलची घडी द्या आणि वरच्या बर्थवर आडवी ठेवा. कुरियरने मागवत असाल तर विकणाऱ्याकडून पॅकिंगचा व्हिडिओ आधी घ्या. घरी आल्यावर केस रात्रभर बंदच राहू द्या, सकाळी तारा सुरात लावा, आणखी एक दिवस जाऊ द्या आणि मगच फिलर गेज काढून रिलीफ मोजा.