पहिली अलक लिहिलीस ना, आता थांबू नको

बेस केलंस बघ! अलक म्हणजे अति लघु कथा, पण लघु म्हणून सोपी समजू नको. सुरुवातीला एवढंच बघ:

- एकच प्रसंग घे. बेळगावजवळच्या खानापूरच्या बसमध्ये म्हातारी कंडक्टरकडं कन्नडमध्ये तिकीट मागते आणि मांडीवरच्या नातवाला मराठीत दटावते, बास, तिचं अख्खं आयुष्य सांगत बसू नको.
- शेवटी तात्पर्य नको. नवीन सगळे हेच करतात, मीपण वर्षभर केलं.
- मोठ्यानं वाच, जीभ अडली की शब्द काप.

आणि वहीत लपवून ठेवू नको गं, दोघा-तिघांना पाठव, दोन मिनिटांत वाचून कुणी "मग पुढं काय झालं?" विचारलं की जो आनंद होतो ना, तो मला मोठ्या कथेनं कधी दिला नाही. शेवटच्या कलाटणीचं नंतर बघू.