तंबोऱ्याची जवारी, बाजारातली जवारी आणि शेतातली ज्वारी

प्रश्न असा: तंबोऱ्याची 'जवारी' काढतात, बेळगाव-कोल्हापूरकडे बाजारात 'जवारी' भेंडी आणि 'जवारी' अंडी मिळतात, आणि भाकरीची 'ज्वारी' तर घराघरांत. हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे का? शिवाय तंबोऱ्याच्या बाबतीत जवारी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी, तारेखालचा दोरा की आवाज?

तिन्ही शब्द वेगळे आहेत. धान्याच्या ज्वारीचं मूळ संस्कृत 'यव'कडे नेतात, तोच यव जो मराठीत 'जव' म्हणून उरला. बाजारातली 'जवारी' ही कानडी-मराठी सीमाभागातली आहे. हायब्रीड नसलेलं, देशी वाण, असा तिचा अर्थ. पुण्या-नाशिकचा माणूस जिथे 'गावरान' म्हणेल तिथे बेळगावचा माणूस 'जवारी' म्हणतो, आणि कानडीतही हाच शब्द याच अर्थानं चालतो. मौज अशी की तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेली मिरज याच पट्ट्यात येते. एकाच गावात सकाळी मंडईत एक जवारी आणि दुपारी वाद्यांच्या दुकानात दुसरी ऐकू येऊ शकते, म्हणून हा घोळ साहजिक आहे.

वाद्याच्या जवारीचा संबंध 'जीवा'शी लावतात, आणि मला तो पटतो. शारंगदेवानं 13व्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात एकतंत्री वीणेच्या वर्णनात तार आणि तिच्याखालची पट्टी यांच्यामध्ये बांबूचा एक बारीक तुकडा घालायला सांगितला आहे, आणि त्याचं नाव 'जीवा'. कर्नाटक संगीतात तंबोऱ्याच्या तारेखालच्या दोऱ्याला आजही हेच नाव आहे. संस्कृतात 'जीवा' म्हणजे धनुष्याची दोरीसुद्धा. शाळेच्या भूमितीत वर्तुळाची जीवा काढली ती हीच. अरबांनी हा शब्द उचलून 'जीबा' केला, स्वरचिन्हांशिवायच्या लिपीत तो 'जैब' वाचला गेला, जैब म्हणजे वस्त्राची चुणी म्हणून लॅटिनमध्ये त्याचा 'सायनस' झाला, आणि त्रिकोणमितीतला 'साइन' तिथून आला. तंबोऱ्याचा दोरा आणि कॅल्क्युलेटरवरचं साइनचं बटण असे एकमेकांचे नातलग निघतात.

आता वापराकडे. हिंदीत आणि इंग्रजी लेखनात जवारी म्हणजे सरळ घोडीच, असा अर्थ सर्रास दिसतो. मराठी कारागिरांच्या बोलण्यात मात्र फरक नेमका आहे. घोडी ही वस्तू. भोपळ्याच्या तबलीवर, म्हणजे त्याच्या लाकडी झाकणावर, बसवलेली, जिच्यावरून तारा जातात ती. जवारी म्हणजे घोडीच्या पाठीला दिलेला बारीक उतार आणि त्या उतारावर तार जशी टेकते ती अवस्था. म्हणून घोडी 'बसवतात', पण जवारी 'काढतात', 'लावतात', 'उघडतात'. ती 'लागते', 'बिघडते', 'बसते'. 'घोडी आहे पण जवारी नाही' हे वाक्य मराठीत पूर्ण अर्थाचं आहे, आणि शब्दाचा हा नेमकेपणा आपण टिकवला पाहिजे.

हा उतार इतका बारीक असतो की डोळ्याला पाठ सपाटच वाटते. गिटारच्या किंवा व्हायोलिनच्या तारेला धारदार कड मिळते आणि तार तिथे एकदम संपते. तिथे तार कशाला घासली तर तो दोष. तंबोऱ्यात ते घासणं मुद्दाम घडवतात. तार खाली येताना घोडीच्या उतारावर थोडीथोडी टेकत जाते आणि वर जाताना सुटत जाते. तारेची कंप पावणारी लांबी प्रत्येक हेलकाव्यात किंचित बदलते, आणि त्यातून तो झंकार निघतो.

दोऱ्याचं काम तार केसभर उचलून हे टेकणं आटोक्यात आणण्याचं. साधा सुती शिवणकामाचा दोरा पुरतो. तार आधी सुरात लावून घ्या, मग दांडीच्या बाजूनं दोरा तारेखाली सरकवा. एका हातानं तार छेडत राहा, दुसऱ्या हातानं दोऱ्याची दोन्ही टोकं धरून तो हळूहळू मागे, तारदानाकडे, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवलेली असतात तिकडे, न्या. घोडीच्या पुढच्या कडेशी दोरा असताना आवाज स्वच्छ पण कोरडा येतो, कारण दोऱ्यापुढे टेकायला पृष्ठच उरत नाही. फार मागे गेला की तार पुन्हा आडवी पडते आणि आवाज दबतो. मध्ये कुठेतरी, अर्ध्या मिलिमीटरच्या आत, आवाज फुलासारखा उघडतो. ती जागा चारही तारांना वेगवेगळी असते. दोरा जाड घेतला तर तार जास्त उचलली जाते आणि जागा सापडतच नाही. पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ षड्ज, बदलली, जसं पेटीच्या काळी एकचा तंबोरा पांढरी तीनला नेला, की तारेचा ताण बदलतो आणि दोरे पुन्हा लावावे लागतात. घोडीजवळचे मणी सरकवून सूर बारीक जुळवतात, तेव्हाही दोरा हलला नाही ना, ते बघावं.

या जवारीनं भौतिकशास्त्राचा एक नियमही वाकवला आहे, आणि संगीत शिकणाऱ्या बहुतेकांना हे माहीत नसतं. थॉमस यंगचा नियम असा: तार ज्या बिंदूवर छेडाल, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा, म्हणजे मूळ सुराबरोबर निघणाऱ्या वरच्या सुरांचा, स्थिरबिंदू (न हलणारी जागा) येतो ते उपस्वर निघत नाहीत. बरोबर मध्यावर छेडलं तर दुसरा, चौथा, सहावा गप्प. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लेख लिहिला, त्यात वीणा आणि तंबोरा हा नियम पाळत नाहीत हे दाखवलं. गप्प राहायला हवेत ते उपस्वर खणखणीत ऐकू येतात, आणि याचं कारण घोडीचं वक्र पृष्ठ.

हे घरी तपासता येतं. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या षड्जाची, तार मोजून बरोबर मध्यावर छेडा आणि लगेच त्याच जागी बोटाचा हलका स्पर्श करा. मध्यावर बोट आलं की फक्त सम उपस्वर जगू शकतात. जवारी लागलेली असेल तर वरचा षड्ज गुंजत राहतो. आता घोडीच्या पुढच्या कडेवर तारेखाली काडेपेटीतली काडी आडवी घाला, म्हणजे तार उतारावर टेकणार नाही, आणि तेच करा. तार जवळजवळ गप्प होते.

स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो त्यातही जवारीचा मोठा हात आहे. तंबोऱ्याच्या चार तारांत गंधाराची तार नसते. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज, एवढंच. पण खर्ज 110 हर्ट्झचा असेल तर त्याचा पाचवा उपस्वर 550 हर्ट्झ, आणि तो शुद्ध गंधार. पेटीवरचा त्याच सप्तकातला गंधार सुमारे 554 हर्ट्झवर असतो. हा चार हर्ट्झचा फरक म्हणजे सेकंदाला चार हिंदोळे, आणि कसलेल्या गायकाला ते खुपतात. दोरा नीट नसेल तर हा गंधार आधी जातो. म्हणून जवारी लागली का, हे ठरवायला झंकाराचा मोठेपणा बघू नये. गंधार बोलतो का, ते ऐकावं.

'जवारीदार आवाज' हा प्रयोग इथूनच गळ्याकडे आला. वरचे उपस्वर भरपूर असलेला, धारेचा पण भरीव आवाज, असा त्याचा अर्थ. नुसत्या खरखरीत किंवा घोगऱ्या आवाजाला जवारीदार म्हणू नये. अलीकडे तसं लिहिलेलं दिसतं, आणि ते चूक आहे.

लिहिताना 'जवारी' लिहावं. 'जव्हारी' असंही छापलेलं आढळतं, पण डोळ्यांसमोर जव्हेरी आणि कानात 'जिव्हारी लागणं' आणून ते गोंधळ वाढवतं. 'ज्वारी' तर टाळावंच.

रोजच्या वाजण्यानं तारांखाली घोडीवर बारीक खाचा पडतात. मग दोरा कुठेही नेला तरी तार एकाच जागी अडकते, आवाज चिरका किंवा मुका होतो. पावसाळ्यात लाकूड फुगल्यावरही असं वाटू शकतं, म्हणून आधी नव्या तारा आणि नवे दोरे लावून पाहावं. तरीही आवाज उघडला नाही, तर जवारी काढायची वेळ झाली. कारागीर तारा सैल करून कानशीनं आणि पॉलिशपेपरनं घोडीची पाठ अगदी थोडी घासतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. हे अनेकदा होतं. पूर्वी घोडीला हस्तिदंत किंवा सांबरशिंग वापरत, आता हाड, लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ. दुकानात गेल्यावर 'घोडी बदला' म्हणू नका, 'जवारी काढून द्या' म्हणा, आणि खुली हवी की बंद तेही सांगा. खुली म्हणजे जास्त झंकाराची, बंद म्हणजे गोल, मऊ आवाजाची. शिवाय कोणत्या पट्टीत वाजणार तेही आधी सांगा, कारण काळी चारला काढलेली जवारी काळी एकला तशी बोलत नाही.