पुढून गाडी जाते आणि तोल आपला जातो

प्रश्न : न थांबणारी जलद लोकल फलाटावरून गेली, की ती जाते त्याच दिशेला मी झुकतो. हा वाऱ्याचा झोत असतो का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : वारा असतो, पण खरा धक्का डोळ्यांना बसतो. डेव्हिड ली आणि एरिक ॲरन्सन यांनी १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीच्या भिंती आणि छत टांगलेले, जमीन मात्र पक्की. समोरची भिंत मुलांच्या दिशेने सरकवली, की १३ ते १६ महिन्यांची मुले मागे झुकत, काही तर पडत. मोठी माणसे पडत नाहीत, डुलतात.

स्तब्ध उभे असतानाही आपण घोट्यांवर थोडे डुलतच असतो. पुढे झुकलो की समोरचे दृश्य मोठे होते आणि मेंदू पोटरीचे स्नायू आवळून आपल्याला मागे खेचतो. दृश्यच हलले तरी हिशेब तोच. गाडी उजवीकडे गेली की मेंदूला वाटते, आपण डावीकडे कलतोय. तो उजवीकडे सावरतो. तळवे आणि आतला कान ‘हललेलो नाही’ असे कळवतात, म्हणून निभावते. जाड, मऊ तळाच्या बुटांत तळव्यांची ही बातमी धूसर होते.

पिवळ्या रेषेच्या बरेच मागे राहा. रुळांकडे तोंड असेल तर पाय बाजूंना फाकवा. पुढे-मागे ठेवून फारसे साधत नाही, कारण झोक बाजूला जातो. नजर खांबावर किंवा दोन-तीन मीटरवरच्या फरशीवर ठेवा. खांबाला बोट नुसते टेकवले तरी डुलणे कमी होते. १०० ग्रॅमहून कमी दाब पुरतो. आधारापेक्षा त्या स्पर्शातून मिळणारी माहिती कामी येते. डोळे मिटू नका, डुलणे वाढते.

प्रश्न : चक्करचा आजार बरा झाला, तरी आईला (वय ६८) मॉलमध्ये, सरकत्या जिन्यावर गरगरते. – एक वाचक, नाशिक

उत्तर : आजारात कानावरचा भरवसा उडतो, मेंदू डोळ्यांवर विसंबतो आणि ती सवय पुढेही राहते. तीन महिन्यांहून जास्त टिकले तर कान-नाक-घसा किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. हलत्या दृश्यांची सवय फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हळूहळू लावतात. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्यास मेंदूची जुळवणी रेंगाळते, पण त्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. दोन-दोन दिसणे, बोबडी वळणे किंवा एका अंगाची शक्ती जाणे यांपैकी काहीही झाले तर थेट रुग्णालय गाठा.